पिठाचे चार गोल

आमच्या धाकट्या नणंदेच्या यजमानांसारखा माणूस सगळ्या तंजावुरात दुसरा नाही, आणि एक आहे तेवढा पुरे, असं माझी नणंदच म्हणते. सत्तरी उलटून गेली, डोक्यावर मोजून दहा केस उरले, आणि हा माणूस वाचायचा काय, तर लहान मुलांच्या कादंबऱ्या. पेपर नाही, पोथी नाही. खांद्यावर पिशवी, तिच्यात तीन पुस्तकं, एक चष्मा आणि दुसरा चष्मा शोधायला लागणारा तिसरा चष्मा. मी त्यांना भावजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात. मी तिसरीपर्यंत गेले तेवढीच. तमिळ अक्षरं जोडून जोडून वाचते, ती पण बसवरची. आमची मराठी तोंडातली, कागदावर कशी उतरते ते आमच्या गल्लीत कोणाला ठाऊक नाही. म्हणून मी एकदा भावजींना सरळ विचारलं, की अहो, मोठ्यांची पुस्तकं काय संपली का गावातली? तर म्हणाले, "वहिनी, मोठ्यांच्या कादंबरीत शेवटच्या पानापर्यंत कोणी सुधारत नाही. माझं वय झालं. एवढा धीर मला कुठला?"

ते नोकरीला होते पापनाशमच्या बाजूला, एका शाळेत. रोज इथून बसनं जायचे आणि रोज पुस्तकात डोकं. उतरायचं पापनाशमला आणि पोचायचे कुंभकोणमला. शेवटी एका कंडक्टरला दया आली, तो स्टॉप आला की त्यांच्या खांद्यावर तिकिटाच्या पॅडनं टकटक करायचा. पण भावजींची खोड अशी, की शेजारी बसलेल्याला पण गोष्ट सांगायची. एक दिवस कंडक्टरच उभा राहून ऐकायला लागला. "सार, मग त्या पोराला वर्गात घेतलं का नाही?" म्हणून विचारतोय, आणि पापनाशम गेलं, त्याच्या पुढचं गाव गेलं, चार बायका टोपल्या घेऊन ओरडतायत की आमचा स्टॉप राहिला, आणि हे दोघं त्या पोराच्या काळजीत.

शाळेत ते शिकवायचे गणित. म्हणजे सरकारी कागदावर गणित. तासाला उभे राहून वाचायचे कादंबरी. कुठल्या तरी जाड्या मुलीला सगळे चिडवतात, कुठल्या तरी काळ्या पोराला कोणी खेळायला घेत नाही, अशा गोष्टी. पुस्तक तमिळ, वाचायचे तमिळ, पण रागावले की मराठी. पुस्तकातल्या दांडगटाला आमच्या भाषेत शिव्या, आणि सगळा वर्ग तोंड उघडं टाकून बसलेला. एकदा हेडमास्तर दारात येऊन उभे. "सार, हे कुठलं गणित चाललंय?" भावजी म्हणाले, "वजाबाकी, सार. एका मुलाला सगळ्यांनी मिळून वजा केलंय. त्याला परत कसा मिळवायचा ते बघतोय." हेडमास्तर निघून गेले. मुलं पास व्हायची, हे पण सांगायला पाहिजे. कसं ते देवाला ठाऊक.

लग्नकार्यात यांना मोठ्यांच्या पंगतीत बसवून दाखवा. मुलांच्या रांगेत जाऊन केळीचं पान ओढून घेतात. बाकीचे मामा-काका मुलांना विचारतात, कितवीत आहेस. हे विचारतात, "तुला छळतं कोण?" आणि मुलं सांगतात हो! आईला जे सांगत नाहीत ते या परक्या म्हाताऱ्याला पायसम खाता खाता सांगतात. माझ्या भाचीच्या लग्नात एका पोरानं विचार करून म्हटलं, "अप्पा." त्याचा अप्पा, म्हणजे बाप, मागे वाढायला उभा होता, हातात सांबारची बादली. भावजींनी त्या माणसाकडे वळून अगदी मऊपणे विचारलं, "आणि तुम्हाला लहानपणी कोण छळायचं?" नणंदेनं त्यांच्या अंगवस्त्राचा पदर ओढून त्यांना तिथून उठवलं, पान अर्धं टाकून.

रिटायर झाल्यावर त्यांना वाटलं आता वर्ग गेला. मग त्यांनी माझा ओटा धरला. आमचं घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, पुढे लांब तिण्णै, म्हणजे बसायचा ओटा, आणि त्याच्या पुढे मी सकाळी कोलमची रांगोळी घालते ती जागा. दर शनिवारी गल्लीतली मुलं गोळा करायची. आणि पहिल्याच दिवशी माझा कोलमच्या पिठाचा डबा उचलला, विचारलं पण नाही. पिठाचे चार गोल काढले. पहिला, ज्याला छळतात त्याचा. दुसरा, छळतो त्याचा. तिसरा, हसतात त्यांचा. चौथा, नुसते बघतात त्यांचा. गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक धाडकन बंद. "आता सांगा, तुम्ही असता तर कुठं उभे असता? जा, उभे राहा." मुलं अशी पळायची चौथ्या गोलाकडे, की एकमेकांच्या पायावर पाय. भावजी म्हणायचे, "हा गोल मोठा काढायला पाहिजे. सगळं तंजावूर इथंच उभं आहे." दर आठवड्याला गोल बदलायचा, हा नियम. एका गोलात सलग दोनदा उभं राहायचं नाही. तांदळाचं पीठ, तेव्हा संध्याकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागायची, आणि मी म्हणायची, बघा भावजी, मुंग्या पण आल्या तुमच्या शाळेत. ते खाली वाकून बघायचे, कुठल्या गोलात जास्त आहेत.

मी हे सगळं करमणूक म्हणून बघत होते. माझ्या घरात ते कधी येऊन पोचेल असं वाटलं नव्हतं.

माझी लेक आणि जावई तिरुप्पूरला बनियनच्या कंपनीत आहेत, म्हणून नात मीनू माझ्याकडे. सहावीत गेली. ती बोलताना अडते. एक शब्द ओठावर येतो आणि तिथंच राहतो. घरात आम्हाला त्याचं काही नाही. पण शाळेत ती उत्तर द्यायला उठली की मुलं बाकाखाली पाय आपटायची. मोपेड सुरू होत नसली की किक मारतात ना, तसा. एक किक, दोन किक, आणि शब्द आला की "सुरू झाली, सुरू झाली" म्हणून हसायचं. हे मला तिनं सांगितलं नाही. आधी पोट दुखायला लागलं, मग डोकं, मग एक दिवस तिनं दप्तर कपाटात ठेवून कपाटाला कडी लावली. शेजारच्या मुलीकडून मला कळलं. किक मारायला सुरुवात करणारी अभिरामी, पलीकडच्या गल्लीतली, शेअर ऑटोवाल्याची मुलगी. दर शनिवारी माझ्याच ओट्यावर येऊन बसणारी.

मी मीनूला काय सांगणार? मला जे ठाऊक होतं ते सांगितलं. कान बंद ठेव. सहन कर, दमतात आपोआप. आठ दिवस झाले, पंधरा झाले, ती जाईना. तेव्हा मी म्हटलं, राहू दे, नको जाऊ, मी तुला मुरुक्कुच्या चकल्या करायला शिकवते. हाताला चांगलं वळण आहे तुझ्या. भावजी दारातच होते. "वहिनी, काय बोलता हे? अकरा वर्षांच्या मुलीला?" मी म्हटलं, "त्या मुरुक्कुवरच माझं घर चाललंय भावजी. कोणी उपाशी नाही राहिलं." भावजींनी छत्री उघडली आणि घरातच उघडली म्हणून परत मिटली.

पुढच्या शनिवारी हा शहाणा माणूस काय करतो? बोलताना अडणाऱ्या मुलाची कादंबरी घेऊन आला! सगळ्यांसमोर. आणि ते अडखळणं असं हुबेहूब वाचून दाखवलं, डोळ्यांत पाणी आणून. सगळी मुलं हळूहळू मीनूकडे बघायला लागली. कोणीतरी पाय आपटला. मीनू उठली, आत गेली, आणि रात्री जेवली पण नाही. चाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस, आणि ज्या पोरीला झाकायची तिच्यावरच दिवा धरला.

चार दिवस भावजी फिरकले नाहीत. नणंद सांगत आली, "पुस्तकाला हात लावत नाहीत गो वहिनी, पेपर वाचतायत. मला भीती वाटते." पाचव्या दिवशी आले. पिशवी नाही. मीनू भांडी पुसत होती, तिच्यासमोर उभे राहिले, शाळेत उशिरा आलेलं पोर राहतं तसे. "अम्मा मीनू, माझं चुकलं. तुला विचारल्याशिवाय तुझी गोष्ट मी चारचौघांत काढली. माफ कर." मीनूनं पुसलेलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्-त्या पुस्तकात प्-पुढे काय झालं?" भावजी म्हणाले, "सांगणार नाही. ते तुझं पुस्तक. तुला पाहिजे तेव्हा वाच." आणि दुसऱ्या दिवशी ते पुस्तक तिच्या उशीजवळ आणून ठेवलं.

शनिवारी नवीन गोष्ट काढली. नावाड्याचा मुलगा, त्याला सहा बोटं, आणि वर्गातली मुलं रोज त्याची बोटं मोजतात. मीनू दाराच्या आड बसून ऐकत होती. पुस्तक बंद झालं, गोल काढलेलेच होते, पण त्या दिवशी पहिल्या गोलात जायला कोणी तयार होईना. सगळ्यांना ठाऊक होतं तो गोल कोणाचा ते. अभिरामी खाली बघून पायानं पीठ पुसत होती. भावजींनी आत तोंड करून हाक मारली, "वहिनी, जरा या."

"तेल तापलंय."

"गॅस बंद करा आणि या."

माझ्याच घरात मला हुकूम. हाताला पीठ तसंच, बाहेर आले. म्हटलं, मी म्हातारी, मी कुठं उभी राहू? ते म्हणाले, "ते मला कसं ठाऊक असणार?"

मी पहिल्या गोलात उभी राहिले. का राहिले ते सांगता येत नाही. आणि मग मुलं बघायलाच लागली, तेव्हा सांगावं लागलं. माझी आई दुसऱ्यांच्या गोठ्यात शेण काढायची. सकाळी मी तिच्याबरोबर गोवऱ्या थापायची आणि तशीच शाळेत जायची. कितीही हात धुतले तरी वास राहायचा. मुली परकराचा घोळ नाकाला लावायच्या. रोज. एक दिवस टीचर म्हणाल्या, तू दाराजवळ बस, तिथं वारा आहे. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. कोणी बोलवायला आलं नाही. आई म्हणाली, बरं झालं, दोन हात वाढले. मग लग्न झालं, मग यजमान गेले, लेक तेव्हा मांडीवर होती. पाच घरचा स्वयंपाक केला. रडायला वेळ नव्हता, रडले पण नाही. एवढंच. यात काही मोठं नाही.

अभिरामीनं विचारलं, "आजी, त्या मुली आता कुठं आहेत?"

मी म्हटलं, "एक इथंच आहे. मार्केटात भेटते. चांगली बोलते माझ्याशी, गुडघे कसे आहेत विचारते. तिला काही आठवत पण नाही."

भावजींचा चष्मा नाकाच्या टोकाला आला होता, तो वर करायचं त्यांना सुचलं नाही. अभिरामीनं पाय पिठावरून मागे घेतला. मग तिनं दाराकडे बघितलं, मीनूकडे, आणि म्हणाली, "मला आठवेल." एवढंच म्हणाली आणि घरी पळाली, चपला माझ्या ओट्यावरच टाकून.

सोमवारी सकाळी मी दळण निवडत होते. कपाटाची कडी वाजली. मीनू युनिफॉर्म घालून उभी. हातात अभिरामीच्या चपला. "द्-देऊन येते, म्-मग शाळेत जाते." मी म्हटलं, जा. डबा देते थांब. डबा भरताना दही थोडं सांडलं.

सगळं एका दिवसात थांबलं असं नाही. अजून कोणीतरी कधीतरी किक मारतं. पण अभिरामी मारत नाही, आणि तिनं नाही मारली की दुसऱ्यांना पण तेवढी मजा येत नाही. मीनू सातवीत गेली. मुरुक्कु पण शिकली, रविवारी.

यंदा भावजींचे डोळे गेले. ऑपरेशन केलं, फारसं आलं नाही. मुलगा त्यांना आणि नणंदेला कोइम्बतूरला घेऊन गेला. शनिवारी ओटा रिकामा असतो, मी कोलम घालते ते दिवसभर तसंच राहतं, कोणी मोडत नाही. संध्याकाळी फोन येतो. मीनू तो ओट्यावर उभा करून ठेवते, मोठा आवाज करून, आणि त्यांना वाचून दाखवते. एक पान व्हायला तिला वेळ लागतो. मी आत तेलाजवळ उभी राहून ऐकते. या वयात मला पण कळायला लागलंय गोष्टीत काय काय असतं ते. मधेच ती अडते. शब्द येत नाही. फोनमध्ये पण काही आवाज नसतो, फक्त तिकडचा पंखा फिरताना ऐकू येतो. जन्मभर दुसऱ्याच्या बोलण्यात बोलणारा माणूस तिकडे अंधारात नुसता बसून असतो, शब्द सुचवत नाही, खोकत पण नाही. मी झारा हातात धरून उभी राहते. मग शब्द येतो.

"हं," तिकडून भावजी म्हणतात, "मग पुढे?"