ऐकायचा दात

सर्व लहानथोर वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माणूस कानाने ऐकतो ही समजूत साफ चुकीची आहे. निदान मंगरूळपीरच्या जुन्या बाजारापुरती तरी ती चुकीची होती. तिथे एक गृहस्थ दाताने ऐकत. दातांनी नाही, दाताने. एकाच.

तुम्ही हसाल. मीही हसलो होतो, आणि त्याची शिक्षा म्हणून हे लिहितो आहे.

विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा तांब्याच्या तारेने गुंडाळून देणं हा त्यांचा धंदा. सगळा बाजार त्यांना काका म्हणे. लहानपणी दोन्ही कान फुटले ते कायमचे, त्यामुळे बाहेरचा आवाज आत जायचा रस्ताच बंद. म्हणून त्यांनी दुसरा रस्ता शोधला. लाकडी मुठीच्या लांब पेचकसाचं टोक मोटारीच्या अंगावर ठेवायचं, मूठ डाव्या बाजूच्या दाढेत धरायची आणि डोळे मिटायचे. शेतकरी आपल्या मोटारीचं दुखणं सांगायला तोंड उघडायचा, तेवढ्यात काका हात वर करत. "थांबा. मले दातानं आयकू द्या."

किन्हीराज्याच्या एका पाटलाने मोटार आणली होती. कॉइल जळाली, वास येतो, गुंडाळून द्या, असा हुकूम. काकांनी पेचकस दाढेत धरला, पंखा हाताने दोनदा फिरवला आणि म्हणाले, "जळाली नाही वो. आत कोनीतरी घर केलं." पाटील चिडला. मोटार उघडली, तर आतून कुंभारमाशीचं मातीचं अख्खं घर बाहेर पडलं. पाटलाने ते उचलून कपाळाला लावलं. मी समोरच उभा होतो. खरं सांगायचं तर मलाही लावावंसं वाटलं.

दुकानाचा एकच नियम होता. काका तारेचे फेरे मोजत असताना कोणी ओठ हलवायचे नाहीत. बोललेलं त्यांना ऐकू येत नव्हतं, पण समोर ओठ हलले की नजर तिकडे जायची आणि आकडा चुकायचा. मग सगळी तार सोडून पहिल्यापासून. त्यामुळे त्यांच्या पाठीमागे उभं राहून तुम्ही खुशाल भांडलात तरी चाले, पण समोर बसून जांभई द्यायची सोय नव्हती. तालुक्याचे मोठे साहेबसुद्धा तिथे ओठ गच्च मिटून बसलेले मी पाहिले आहेत. त्या साहेबांना गप्प बसवणारी तालुक्यातली ती एकच जागा.

समोर चहाची टपरी. टपरीवरच्या बाईंचा आणि काकांचा एक करार होता. हाक मारून काकांना ऐकू येणार नाही आणि मोजताना चहा दिला तर घोटाळा होणार. म्हणून काम झालं की काका मोटार चालवून बघत. तिचा हुंकार रस्त्यापलीकडे गेला की बाई पातेलं चढवत. मोटार हीच हाक. "काकाची मोटार लागली, च्या टाकतो," एवढं स्वतःशीच म्हणत. आमच्या वऱ्हाडात बायकाही 'टाकतो'च म्हणतात, त्यात व्याकरणवाल्यांनी पडू नये.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो.

आमच्या अंगणात पंचेचाळीस वर्षांची एक छोटी गाडी आहे. गोल दिवे, फिकट निळा रंग, गियरची दांडी स्टिअरिंगपाशी. माझे वडील गुरांचे डॉक्टर. मालेगावपासून जऊळक्यापर्यंतच्या सगळ्या म्हशींना ती गाडी ओळखीची होती. गाडीत हीटर होता. वाशिम जिल्ह्यात हीटर. पहिल्याच उन्हाळ्यात बाबांनी गरम पाण्याच्या नळ्या बंद करून टाकल्या आणि नुसता पंखा ठेवला. डॅशबोर्डाखालच्या पत्र्याच्या डब्यातून तो वारा कमी देई आणि 'हूं' असा आवाज जास्त करी. पण करी बापडा, पंचेचाळीस वर्षं.

आई गेली त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर बाबा रोज संध्याकाळी अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसत. काच वर, पंखा चालू, दहा मिनिटं. मी समजायचो, म्हातारा माणूस, हवा खातो.

मागच्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी पंख्यातून धूर निघाला आणि तो बंद पडला. मी कर्तबगार मुलगा. अकोल्याहून नव्या गाडीचा प्लास्टिकचा पंखा आणला, पत्रा कापून बसवला. काय वारा! बाबांची टोपी उडून मागच्या सीटवर. मी टाळ्या वाजवायचा बाकी होतो. बाबांनी एक मिनिट पंखा चालवला, बंद केला, टोपी घेतली आणि खाली उतरले.

"हवा चांगली आहे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते गाडीत बसले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यात त्यांचं जेवण निम्म्यावर आलं, बोलणं तर आधीच मोजकं होतं, तेही आटलं. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी मला स्वयंपाकघरात बोलावून, चपाती लाटता लाटता, माझी अक्कल काढली. म्हणाली, "अहो, ते हवा खायला बसत नव्हते. आई त्या पंख्याच्या आवाजावर गायच्या."

मंडळी, मी त्या गाडीच्या मागच्या सीटवर लहानाचा मोठा झालो. आई गायची हे मला माहीत होतं. बाबांबरोबर गावोगाव जाताना गौळणी म्हणायची, जात्यावरची गाणी म्हणायची. पण सूर लावायच्या आधी ती हात पुढे करून पंख्याचं बटण पहिल्या खुंटीवर का ठेवते, हे मला कधी दिसलं नव्हतं. पंखा 'हूं' म्हणे आणि ती तिथून सुरू करी. तो तिचा तंबोरा होता. आणि मी तो काढून तिथे वादळ बसवलं होतं.

पंख्याची जुनी मोटार मी भंगारात टाकायला काढली होती. बायकोने ती डालडाच्या डब्यात लपवून ठेवली होती. डबा घेऊन मी काकांकडे गेलो.

काकांच्या गालावर सूज होती. ऐकायची दाढ हलत होती. वरच्या-खालच्या बाकीच्या सगळ्या केव्हाच गेल्या होत्या. दातांचा डॉक्टर ही काढायला सांगत होता, घरचेही मागे लागले होते. मी म्हटलं, काढून का टाकत नाही? त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. "ह्या दातानं मी जेवत नाही भाऊ, आयकतो. हा गेला की दुकान गेलं."

मी डबा पुढे केला. मुठीएवढी मोटार, आत तार जळून काळी. नवा पंखा आणला, वारा भरपूर आहे, पण वडिलांना आवडत नाही, असं मी गुळमुळीत सांगितलं. काकांनी मोटार हातात फिरवली आणि विचारलं:

"हवा पाह्यजे, का आवाज?"

मी इयत्ता चौथीतल्या पोरासारखा उभा राहिलो. आवाज, म्हटलं.

"मंग ज्याचा आवाज त्याले घेऊन या. अन् गाडीबी. आवाज काही एकल्या मोटारीचा नसते, गाडीतल्या डब्याचाबी असते."

दोन दिवसांनी आम्ही गेलो. मी कापलेला पत्रा आधी काकांनीच जोडून घेतला, मला एक नजर देऊन. मोटार गुंडाळून तयार होती. जळालेली तार सोडताना त्यांनी प्रत्येक खाचेतले फेरे मोजले होते आणि तेवढेच पुन्हा भरले होते. नवे कार्बन, नवे बुश. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मी प्रार्थना करायच्या बेतात होतो. बाबांनी बटण पहिल्या खुंटीवर ठेवलं. पंखा म्हणाला, 'हीं.'

बाबांनी मान हलवली. नाही. हाताचा पंजा जरा खाली दाबून दाखवला. चढा आहे.

काकांनी पेचकस डब्याला लावला, दाढ टेकवली, चेहरा वेदनेने वाकडा झाला तरी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "मोटार नवी झाली, म्हनून पळून राह्यली. तुमचा आवाज थकल्या मोटारीचा हाये. किती खाली पाह्यजे?"

आता हे कसं सांगायचं? बाबांनी मला सांगून काय उपयोग, मी सांगून काय उपयोग? सूर काही ओठ हलवून दाखवता येत नाही. रस्त्यावर माणसं जमली होती. काका आत गेले आणि एक लाकडी पट्टी घेऊन आले, शाळेतली, एक फुटाची. तिचं एक टोक त्यांनी बाबांच्या हनुवटीखाली, गळ्याला लावलं, दुसरं स्वतःच्या दाढेत धरलं.

"म्हना, डॉक्टरसाहेब."

माझे वडील आयुष्यात कधी गायले नव्हते. गाणं आईचं खातं. जमलेल्या माणसांसमोर, भर बाजारात, चौऱ्याऐंशी वर्षांच्या माझ्या वडिलांनी डोळे मिटले आणि 'हूं' म्हटलं. आधी फाटला आवाज. मग सापडला, आणि स्थिर झाला. पट्टीच्या दोन टोकांना दोन म्हातारे. एक आपल्या बायकोचा सूर देतो आहे आणि दुसरा, ज्याला बाजारातला भोंगा ऐकू येत नाही, तो एका हलत्या दाढेने तो घेतो आहे. मी देवळं पाहिली आहेत, मोठमोठ्या सभा पाहिल्या आहेत. अंगावर असा काटा कुठेच आला नाही. सगळी गर्दी ओठ मिटून उभी होती. मोजणी चालू नव्हती, तरीही.

बाबांचा श्वास संपेपर्यंत काका हलले नाहीत. मग पट्टी काढली. टोकाला थोडं रक्त लागलं होतं, ते त्यांनी धोतराला पुसलं.

"समजलं. दोन-दोन फेरे वाढवतो, मंग हळू फिरन. दिवस मावळायच्या आत करतो."

दुपारभर त्यांनी सगळी तार सोडून पुन्हा भरली. आम्ही समोर बसलो होतो. मला तहान लागली, पण मी ओठ हलवला नाही. उन्हं उतरायला लागली तेव्हा मोटार पुन्हा डब्यात बसली. बाबांनी बटण फिरवलं.

'हूं.'

बाबांनी डावा हात उचलला आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवला, कोणाच्या तरी हातावर ठेवावा तसा. काकांनी या वेळी पेचकस घेतला नाही. डब्यावर नुसता तळवा ठेवून बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. "लागला," म्हणाले आणि आत जाऊन हात धुऊ लागले. पलीकडून चहा आला. बाईंनी हाक ऐकली होती.

त्याच आठवड्यात ती दाढ पडली. बाबांचा 'हूं' हा काकांनी ऐकलेला शेवटचा आवाज. दुकानाचं शटर त्यांनी स्वतः ओढलं. मी भेटायला गेलो तेव्हा दाढ काडेपेटीत ठेवलेली दाखवली. "हिनं लय आयकलं," एवढंच म्हणाले. बाबांचं जेवण पूर्ववत झालं आणि संध्याकाळची दहा मिनिटंही.

या श्रावणात काका गेले. निरोप उशिरा आला. घरी जाऊन बसून आलो. परत येताना बाबांनी जुन्या बाजारात गाडी उभी करायला लावली. शटरला गंज चढू लागला होता. कोणीतरी त्यावर खताची जाहिरात चिकटवली होती. पलीकडे टपरीवर बाई आमच्याकडे पाठ करून ग्लास विसळत होत्या. काकांच्या घरी सकाळी त्याही आल्या होत्या, तेव्हा डोळे सुजलेले दिसले होते.

मी इंजिन बंद केलं. बाबांनी हात पुढे केला आणि पंखा पहिल्या खुंटीवर ठेवला.

'हूं.'

बाईंचा हात पातेल्याकडे गेला. मागे वळून न बघता, अगदी रोजच्यासारख्या त्या बोलून गेल्या:

"काकाची मोटार लागली, च्या टाकतो."