डिक्शनरीबाईंचा लाडका शब्द

लॅबमध्ये तिला सगळे डिक्शनरीबाई म्हणत. काम तसं टायपिस्टचं. डॉक्टर मायक्रोस्कोपला डोळा लावून टेपवर इंग्रजीत बोलणार, ही हेडफोन घालून रिपोर्ट टाइप करणार. पण अर्थ कळल्याशिवाय नुसती बोटं बडवायची म्हणजे हिच्या जिवावर यायचं. नवा शब्द आला की डॉक्टरांच्या मागे भुणभुण. अर्थ काय, आला कुठून?

त्यातला प्लिओमॉर्फिक तिचा भलताच लाडका. मूळ ग्रीक. प्लिऑन म्हणजे अधिक, मॉर्फी म्हणजे रूप. ‘निरोगी पेशी पुठ्ठ्यावर टाचलेल्या बटणांसारख्या, सगळ्या सारख्या,’ डॉक्टरांनी सांगितलं होतं. ‘बिघडल्या की एक फुगलेली, एक वाकडी, एक भलतीच.’ हे तिनं घरी इतक्यांदा ऐकवलं होतं, की थोरली बहीण कपाळाला हात लावून म्हणायची, ‘झालं हिचं सुरू!’

टेपवर पेशंटचं नाव नसे, फक्त नंबर. सोमवारी ताईच्या छातीतल्या गाठीचा तुकडा आला, तेव्हा बरणीवर चिठ्ठी हिनंच चिकटवली. चारशे सतरा. नंबर विसरायचं तिनं ठरवलं, आणि नेमकं तेवढंच जमलं नाही.

गुरुवारी टेपवर चारशे सतरा आला. तिसऱ्या वाक्यात तो शब्द. तिनं टेप मागे नेली, पुन्हा ऐकलं, पुन्हा मागे नेली. मग उठून डॉक्टरांच्या दारात गेली.

“चारशे सतरा परत एकदा बघता का?”

“दोनदा बघितलंय. का हो, ऐकू आलं नाही का नीट?”

“आलं,” ती म्हणाली.

परत येऊन तिनं तो शब्द टाइप केला. एक अक्षर चुकलं नाही. चुकलं असतं तर बरं, असंही तिला वाटलं, आणि स्वतःचाच राग आला. चुकून काय होणार होतं?

संध्याकाळी ताई पलंगावर बसून होती.

“आला का रिपोर्ट?”

हिनं रिपोर्ट पुढे केला. ताईनं त्या शब्दावर बोट ठेवलं. ही बोलू लागली. ग्रीक, प्लिऑन, मॉर्फी. बटणांपाशी आली आणि पुन्हा ग्रीकपासून सुरुवात केली.

ताईनं या वेळी कपाळाला हात लावला नाही. सगळं ऐकून घेतलं.

“शब्दाचा अर्थ कळला गं,” ती म्हणाली. “मला काय झालंय?”