नणंदेचं लिव्हर

सारजाबाईच्या नवऱ्याला दुसऱ्या कुणीबी लिव्हर दिलं असतं तरी चाललं असतं, फक्त नणंदेनं द्यायला नको होतं.

वाळूजच्या कारखान्यात राबणाऱ्या कडुबाचं लिव्हर जुन्या काविळीनं पार निकामी झालं होतं. डोळे हळदीवाणी पिवळे, पोटात पाणी. ते काढायला दवाखान्याचे खेटे घातले ते सारजाबाईनं. डॉक्टर म्हणाले, आता लिव्हर बदलल्याबिगर इलाज नाय, घरातलं कुणी तुकडा देईल का? ही पदर खोचून सगळ्यांच्या पुढं उभी. पण मेलं रक्तच जुळंना. जुळलं कुणाचं, तर वेरूळला दिलेल्या मेघाचं, कडुबाच्या धाकट्या बहिणीचं. दोघा भावंडांचं ऑपरेशन एकाच दिवशी झालं. तिच्या लिव्हरचा मोठा तुकडा त्याला बसवला, आन् हळूहळू कडुबाच्या डोळ्यांचा पिवळेपणा उतरायला लागला.

झालं. गल्लीत, कारखान्यात, सोयऱ्याधायऱ्यांत एकच चर्चा, बहीण असावी तर अशी. रात्रंदिस उशाशी बसलेली बायको कुणाला दिसंना. त्यात कडुबाचे चाळे. जन्मभर मिटक्या मारत कारलं खाणारा गडी आता ताट सरकवायचा आन् उजव्या बरगडीखाली हात ठेवून म्हणायचा, "मेघीला कारलं आवडत नाय ना, तिचं लिव्हर आत घेईना." सारजाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नवरा माझा, आन् त्याच्या पोटात बसून हुकूम हिचा.

डॉक्टरांनी बजावलं होतं, अंगानं परकं लिव्हर नाकारू नये म्हणून या गोळ्या आहेत, पण त्यांनी रोगाशी झुंजायची ताकद कमी होते, तवा काही महिने घरात माणसं येऊ द्यायची नाहीत. सारजाबाईला तेवढंच पाहिजे होतं. ती दारात ठाण मांडून बसली. मागल्या तपासणीला मात्र डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट झकास आलेत, मास्क लावून माणसं आली तरी चालंल. कडुबा तवा रक्त तपासायला गेला होता. ते ऐकलं हिनं एकटीनं, आन् गिळून टाकलं.

राखीपौर्णिमेला मेघा दारात आली. तोंडाला मास्क, एक हात पोटाच्या टाक्यांवर.

"डॉक्टर नको म्हणालेत," सारजाबाईनं उंबऱ्यातूनच सांगितलं.

मेघानं राखी तिच्या हातावर ठेवली. मग जीप धरायला नाक्याकडं माघारी फिरली.

सारजाबाईला वाटलं, जिंकलो आपण. पण राखी बघून कडुबाचं तोंड एवढंसं झालं. घरात लेक नाय, शेजारची पोरगी बोलवावी तर बाहेरचं माणूस नको. त्यानं आपलं भाबडेपणानं मनगट पुढं केलं. "मग तूच बांध, सारजे."

आता घ्या. बायकोनं नवऱ्याला राखी बांधायची व्हय? चटका बसल्यावाणी तिनं ती राखी खाली ठेवली, पायात चपला सरकवल्या आन् नाक्याकडं धावली.

मेघा चहाच्या टपरीवर जीपची वाट बघत बसली होती.

"चल माघारी," सारजाबाई धापा टाकत म्हणाली. "आता चालतंय म्हणं."

"ठाऊक हाय, वहिनी. टाके दाखवायला गेले तवा डॉक्टर मलाबी बोलले होते, भावाला भेटत जा म्हणून."

"मग दारात भांडली का नाय माझ्याशी?"

"एक तुकडा दिला म्हणून तुमच्या घरात वाटा मागायला आले नव्हते मी," मेघा म्हणाली आन् पोट धरत उठली.

घरी राखी बांधून झाली. कडुबानं डोळे पुसले आन् विचारलं, "मगाशी नको म्हणत होते ना डॉक्टर? आता कसं चाललं?"

सारजाबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

"मीच नाक्यावरून फोन लावून विचारलं त्यांना, दादा," मेघा म्हणाली.

सारजाबाई चहा टाकायला आत गेली. नवरा तर हिच्या उपकाराखाली होताच, आता आपणबी गेलो. तिनं पातेलं उगाच आदळलं. आता हिच्यावर जळायचीबी चोरी झाली.