कलेक्टर काकी

आमच्या जिल्ह्याला दोन कलेक्टर होते. एक ओरोसला बसायचे. त्यांच्याकडे अर्ज करावा लागायचा. दुसरी आमच्या मालवणच्या वाडीत डोक्यावर माशांची पाटी घेऊन फिरायची. तिचे हुकूम अर्ज न करताच मिळायचे. वाडी तिला कलेक्टर काकी म्हणायची, अर्थात ती दोन घरं पुढे गेल्यावर.

सन दोन हजारच्या दिवाळीनंतर माझी बायको गेली. मुलगी अडीच वर्षांची आणि मी एसटीत कंडक्टर, म्हणजे कोंबडं आरवायच्या आत ड्युटीवर. विधुराला सर्वांत आधी काही मिळत असेल तर तो सल्ला. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं आणि निघताना प्रत्येक जण म्हणाला, "काय लागला तर सांग हां." चौदाव्या दिवशी मी सांगायला गेलो, तर एकाच्या घरी उपास होता, दुसऱ्याच्या घरी परीक्षा आणि तिसऱ्याच्या घरी दार बंद होतं. स्थळं मात्र न सांगता आली. कसालच्या एका मध्यस्थानं तर स्थळाच्या मुलीला भाकरी किती पातळ थापता येते तेवढंच सांगितलं. माझ्या लेकीचं नाव त्याला शेवटपर्यंत विचारावंसं वाटलं नाही.

सासरे खारेपाटणचे. माणूस प्रेमळ, पण बोलायला लागला की निकालपत्र वाचल्यासारखा. जूनमध्ये बालवाडी सुरू व्हायच्या आत पोरीची नीट सोय लाव, नाहीतर मी नातीला घेऊन जातो, असं त्यांनी बजावलं. त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून तर माझी झोप उडाली. बायको गेलीच होती, आता मुलगीही जाणार होती आणि तीही सगळ्यांच्या मते तिच्या भल्यासाठी.

काकी एका सकाळी मागच्या दारानं आत आली. मी लेकीची वेणी घालत होतो. तिनं ती वेणी पाहिली, जाळं दुरुस्त करतोस काय म्हणून विचारलं आणि फणी हिसकावून घेतली. लोकांकडे उपकार मागत फिरतोस म्हणून कोणी देत नाही, असं तिचं निदान होतं. रविवारी रापणीवर ये, म्हणाली.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. त्याच्या दोरीला जो हात लावील त्याला माशांचा वाटा मिळतो. तू कोण, कुठला, असं कुणी विचारत नाही. मी दोन तास दोरी ओढली, तळहात सोलून घेतले आणि बांगड्यांचा वाटा समोर आला तेव्हा मोठ्या दिलदारपणे म्हणालो, "राहू दे, मी आपली मदत केली." साहेबी अंगात आली की मराठीसुद्धा शुद्ध होते. रापणकरांचे चेहरे उतरले. काकीनं मला बाजूला घेतलं.

"मेल्या, वाटो घे. फुकट राबणारो माणूस कोणाक नको. वाटो घेतलंस तर आमचो. नायतर पावणो."

मी वाटा घेतला. तो घरी न्यायचीही परवानगी नव्हती. त्यातले बांगडे काकीनं मला तीन घरी पोचवायला लावले आणि त्याच तीन घरांत माझ्या लेकीचा दिवस वाटून टाकला. पहाटे ती काकीकडे, दुपारी शिंपिणीकडे, संध्याकाळी खाडीकाठच्या म्हातारीकडे. बदल्यात मी कुडाळहून म्हातारीचं औषध आणायचं, शिंपिणीचे अर्ज लिहायचे आणि काकीची बोलणी खायची. तिसरं काम सर्वांत नियमित झालं.

जूनमध्ये सासरे पिशवी घेऊन आले. मी ड्युटीवर, घराला कुलूप. नातीला शोधत ते तिन्ही घरं फिरले. प्रत्येक घरात चहा मिळाला आणि पोरीला का नेता, याचा जबाबही द्यावा लागला. शेवटी काकीनं त्यांना पाटावर बसवून विचारलं, "न्हेवचा आसा तर न्हेवा. पण हय तिची तीन घरां आसत. थंय कितकी?" सासरे रिकाम्या पिशवीत तारली मासळी घेऊन परत गेले. पुढे दर सुटीत यायचे, ते काकीला घाबरत घाबरत.

दोन हजार आठ साली काकी दोन दिवसांच्या तापानं गेली. देवगडहून पन्नाशीचा एक माणूस आला आणि पायरीवरच थबकला. तो काकीचा थोरला मुलगा होता. धाकटा तिच्याजवळच राहायचा; त्याला थोरला भाऊ आहे, हे मला तेव्हा कळलं. नवरा समुद्रात बुडाला तेव्हा हा दोन वर्षांचा होता, तान्हा धाकटा अंगावर होता. हंगाम संपेपर्यंत सांभाळते म्हणून मोठ्या जावेनं याला देवगडला नेलं. हंगाम संपले, पोर परत आलं नाही, जावेलाच आई म्हणू लागलं. तेही त्याच्या भल्यासाठीच.

"जन्मभर तिका काकीच म्हटलंय," तो म्हणाला. "आज काय म्हणान हाक मारू?"

मला रडू फुटलं. बायकोच्या वेळी आलं नव्हतं तेवढं आलं. माझी दहा वर्षांची मुलगी पुढे झाली, तिनं त्याचा हात धरला, त्याला आत नेलं आणि काकीच्या उशाशी, थोरल्या मुलाच्या जागेवर बसवलं.