घोरपड आणि मेलेला स्लॉट

माहेरी तिला घोरपड म्हणत. शाळेत दोरीओढ चालली होती, तिच्या बाजूच्या सगळ्या मुलींनी दोर सोडला, आणि ही एकटी दोर धरून फरफटत पलीकडे गेली, तेव्हापासूनचं ते नाव. लग्नात तिचा भाऊ सासरच्यांसमोर बोलून गेला, "सांभाळा हो, एकदा धरलं की सुटत नाही." सासरच्यांना तेव्हा गंमत वाटली. पुढे गंमत कमी होत गेली.

लग्नानंतर ती एका भरतकामाच्या कारखान्यात लागली. कारखाना बुडाला, तेव्हा राहिलेल्या पगाराच्या बदल्यात कुणी पंखा उचलला, कुणी कपाट. हिने एक जुनं मशीन मागितलं, त्याच्या कॉम्प्युटरसकट. लोक हसले. ती मशीन घेऊन आली आणि घराच्या पुढच्या खोलीत मांडलं.

मशीनला सुया पुष्कळ, पण अक्कल नाही. कुठल्या सुईने कुठे टोचायचं ते शेजारचा कॉम्प्युटर सांगायचा. त्या दोघांमधला दुभाषा म्हणजे एक लांबट हिरवं कार्ड. कॉम्प्युटरच्या पोटात जी मोठी पाटी असते, मदरबोर्ड, तिच्यावर कार्ड बसवायच्या लांब खाचा असतात. त्यांना स्लॉट म्हणतात. हिच्या पाटीवर तसले दोनच होते. एकाचं प्लॅस्टिक कारखान्यातच तडकलेलं, म्हणजे उरला एक. आणि आताच्या नव्या कॉम्प्युटरांत त्या मापाचा स्लॉट शोधून सापडत नाही. त्या एका खाचेवर मशीन उभं होतं, मशीनवर तिचं काम, आणि कामावर घरातला तिचा शब्द.

एका सकाळी तिने रोजच्यासारखे हात जोडले, बटण दाबलं, आणि पडद्यावर अक्षरं आली: कार्ड सापडत नाही.

"सापडत नाही म्हणजे? तुझ्या पोटातच बसलंय की!" ती कॉम्प्युटरला म्हणाली.

बंद करून चालू केलं. तेच. शाळेच्या गणवेशाचे बिल्ले अर्धे भरून पडले होते.

धाकटे दीर दारातच होते. त्यांचा पार्सलं पोचवायचा धंदा. गोदामाच्या मालकाने जागा परत मागितली होती आणि बिचारे खोकी घेऊन दारोदार फिरत होते. माणूस वाईट नाही, पण मशीनच्या खोलीवर त्यांचा डोळा होताच.

"वहिनी, गेलं वाटतं?"

"गेलं नाही, रुसलंय."

"म्हातारं झालंय हो ते. भंगारवाल्याला बोलावू का? खोलीही मोकळी होईल."

"भाऊजी, म्हातारं झालं म्हणून भंगारात द्यायचं, तर आधी घरातलीच रांग लागेल."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "ऐकू येतंय मला!"

कोपऱ्यावरचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्यांपैकी, पण हाताचा आणि बोलण्याचा खरा. त्याने झाकण उघडलं, कार्ड काढलं, परत दाबून बसवलं, चालू केलं. नाहीच.

"ताई, स्लॉट मेला."

"कुणी पाहिला मरताना?"

तो हसला. "स्लॉट बदलता येत नाही असं नाही, पण सगळ्या पिना उपसून नवा तापवून जोडायचा, तोवर पाटीच जळायची. मी हात लावणार नाही."

"ते नंतर. आधी सांगा, स्लॉटच गेलाय, कार्ड नाही, हे कशावरून?"

त्याने हनुवटी खाजवली. "कशावरूनच नाही. अंदाज."

"अंदाजाने मी माझी खोली सोडायची?"

हा मुद्दा त्याला पटला. म्हणाला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे चोर सापडतो. त्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाचा तसल्याच स्लॉटचा जुनाट कॉम्प्युटर दुरुस्तीला आला होता. ती कार्ड पदरात गुंडाळून त्याच्यामागे गेली. तिथे लावल्याबरोबर कार्ड ओळखलं गेलं. मग त्याचं एक चालू कार्ड घरी आणून हिच्या स्लॉटमध्ये घातलं. पडदा म्हणाला, सापडत नाही.

"झालं ना समाधान? कार्ड जिवंत, स्लॉट मेला."

"मेलाय की नुसता आजारी आहे?"

"ताई, तुम्ही माणूस आहात की..."

"घोरपड," दीर म्हणाले. त्यांनी तोवर दोन खोकी आत आणून भिंतीशी ठेवली होती.

तिने त्या खोक्यांकडे पाहिलं. मग उठली, दोन्ही खोकी एकामागून एक उचलून बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली, आणि परत येऊन कॉम्प्युटरसमोर बसली. "वायर काढा याची," दुरुस्तीवाल्याला म्हणाली, "आणि तुमचं ते भिंग द्या."

त्याने वायर काढली. ती बॅटरीच्या उजेडात खाचेत बघू लागली. बाकीच्या पाटीवर नुसती कोरडी धूळ. या एका खाचेत मात्र काळपट, ओलसर काहीतरी चमकत होतं. काडीला चिंधी गुंडाळून तिने आत फिरवली आणि नाकाशी नेली. तो वास तिला झोपेतही ओळखता आला असता.

"मशीनचं तेल?"

सासूबाई दारात आल्या. त्यांनी उभा जन्म पायमशीन चालवलं होतं, आणि घरातल्या बिजागरीपासून कात्रीपर्यंत कशालाही कुरकुरू दिलं नव्हतं. मागच्या आठवड्यात सून धूळ झाडायला झाकण उघडून बसली होती आणि कार्ड परत बसेना, तेव्हा ती फडकं आणायला आत गेली.

"मीच घातलं थेंबभर," सासूबाई म्हणाल्या. "घट्ट बसत होतं ना! नंतर गेलं की नाही सरकन?"

"आई, कॉम्प्युटरला तेल?"

"मग काय तूप घालू?"

दुरुस्तीवाला खाली बसून हसला. पण कोडं सुटलं होतं. सरकन बसलं खरं, पण तेलाने खोलीतला सगळा दोऱ्यांचा भुसा धरला, त्याचा नमद्यासारखा जाड थर झाला, आणि पिना व कार्ड यांच्यामध्ये तो गोधडीसारखा पसरला.

त्याने दुकानातून स्पिरिट आणलं. मऊ ब्रशने तिने खाच धुतली, वाळू दिली, परत धुतली. कार्ड बसवलं, वायर जोडली. दीर, सासूबाई, सगळे पडद्याकडे बघत राहिले.

कार्ड सापडत नाही.

"वहिनी, आता पुरे," दीर म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "मी ओट्यावर किती दिवस माल ठेवू? उचलून नेला कुणी तर?"

"तुमच्या मालासाठी दुसरी जागा मी शोधायला येते तुमच्यासोबत. ही मिळायची नाही."

वायर पुन्हा काढली. तिने भिंग डोळ्याशी धरून एकेक पिन पाहिली. सगळ्या पिना पंगतीत ताठ बसलेल्या, एक मधली मात्र खाली मान घालून आत दबलेली. आत्ताच धुतलेल्या कोरड्या खाचेत कार्ड रेटताना वाकली असावी. आता कार्ड तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

तिने सर्वांत बारीक सुई घेतली.

"ताई, नको. तुटली तर संपलं, मग देव आला तरी नाही व्हायचं."

"दादा, तुमच्या हिशेबात तो आधीच मेलाय. मेलेल्याला काय भ्यायचं? आणि देवाचं म्हणाल, तर त्याला मी बोलावते." तिने मनात नाव घेतलं, श्वास रोखला, सुईचं टोक पिनेखाली सरकवलं आणि उसवताना टाका उचलतात तसं हलकेच उचललं. सोडलं. पुन्हा उचललं. पिन शेजारणींच्या ओळीत आली.

या वेळी बटण दाबताना तिने हात जोडले नाहीत. देवाला आधीच बोलावून झालं होतं.

पडदा उजळला. मशीनने एकदा अंग झटकलं, सुया ओळीने खालीवर झाल्या आणि अर्ध्या बिल्ल्यावर पुढचा टाका पडला.

सासूबाई म्हणाल्या, "बघ, तेल कामाला आलंच शेवटी."

दुरुस्तीवाला हत्यारं गोळा करत म्हणाला, "ताई, खरं सांगतो. वाकून सरळ झालेली पिन आहे. कायमची टिकायची नाही."

"कायमचं कोण आलंय इथे?" मशीनच्या आवाजावर आवाज चढवून ती म्हणाली. "परत वाकली तर परत उचलीन. तुटली तर तो तडकलेला स्लॉट आहे, त्याच्याकडे बघू."

"तो तर कारखान्यातच गेलाय!"

"कुणी पाहिला?"

दीर ओट्यावरची खोकी मोजून पाहत होते. तिने मशीन सुरूच ठेवलं, चप्पल पायात घातली, सासूबाईंना दोऱ्यावर लक्ष ठेवायला बसवलं आणि बाहेर आली. "चला भाऊजी. एक मोठं तुम्ही घ्या, एक मला द्या. मागच्या गल्लीतलं सुताराचं दुकान बंद असतं, त्याला विचारू."

"तो नाही म्हणेल, वहिनी."

"म्हणू दे की," ती म्हणाली, आणि खोकं कमरेवर घेऊन पुढे निघाली.