वाघाने तीनदा सांगितलं, नाही येणार

विरारच्या चंदनसारला आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी जेवायला बसलं की वरणाच्या वाटीत आपोआप लाटा यायच्या. आधी खिडकीची काच थरथरायची, मग वरण. आई म्हणायची, "मालगाडी असेल." मी म्हणायचो, "आई, मालगाडी काय पंख्यावरून जाते?" कारण पंख्यावरची धूळ पण ताटात यायची.

मालगाडी नव्हती, हे मला लहानूने सांगितलं. लहानू माझ्यासोबत गॅरेजला पंक्चर काढतो. वारली आहे, हायवेच्या पलीकडे डोंगरात त्याचा पाडा. आमची दोस्ती म्हणजे मी त्याच्या चपलेला ग्रीस लावायचं आणि त्याने माझ्या चहात मीठ घालायचं. एकदा असाच लांबून धडाका झाला तर तो मान वर न करता म्हणाला, "आमच्या डोंगराला फोडतायत." आपल्या घरातलं कोणी दवाखान्यात असल्यावर सांगतात ना, तसं. मला काही जोक सुचला नाही. माझ्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

मग गेल्या वर्षी पावसानंतर वाटी हलायचीच बंद झाली. लहानू म्हणाला, "बायांनी रस्त्यात ओंडका टाकलाय. डंपर जात नाय, म्हणून सुरुंग नाय. वाघबारशीला ये तू. तसा पण माकड आहेस, तुला वाघ करतो."

असं आमंत्रण कोण सोडतो? ठरलं, दिवाळीच्या तोंडावर पाड्यावर मुक्काम.

पहिला दिवस

गाडी माझी नव्हती. गिऱ्हाईकाची एम-एटी दुरुस्तीला आली होती. मालकाला म्हटलं, "शेठ, जरा लांबची ट्रायल घेऊन बघतो." ही टीप फक्त गॅरेजवाल्यांसाठी, बाकीच्यांनी आपापलं बघा.

आधी उलट्या दिशेला आगाशीला गेलो, कारण रिकाम्या हाताने जायचं नाही असं आईने बजावलेलं. आगाशीच्या बाजारात सुकेळी मिळते, उन्हात वाळवलेली केळी, पानात बांधलेली. महाग असते आणि मागच्या बाजूची पुडी हलकी असते, तेव्हा हातात वजन करून घ्या. तिथून परत विरार, चंदनसार, मग हायवे ओलांडायचा. हायवेच्या कडेला टपरीवर भजीपाव खाऊन घ्या, पुढे काही नाही. डांबर संपतं तिथून डंपरच्या चाकांच्या नाळी सुरू होतात, गुडघाभर खोल. दोन्ही बाजूची झाडं पांढरी. पीठगिरणीत झाडं लावली तर कशी दिसतील, तशी.

पुढे तो ओंडका. ऐनाच्या झाडाचा, आडवा रस्ताभर. त्याच्यावर सात-आठ बाया बसलेल्या, मध्ये लहानूची आई.

"कोन रं?"

"पप्या. लहानूचा दोस्त."

"त्याच्या चपलीला तेल लावतो तो तू?"

सगळ्या हसल्या. मला गाडी खाली ठेवायला लावली, ओंडक्यावरून उडी मारायला लावली, आणि सुकेळी तिथेच वाटून संपली.

हे सगळं कशासाठी, ते लहानूच्या आईने झऱ्यावर नेऊन दाखवलं. पाड्याला पाणी या एका झऱ्याचं. त्याच्या वर डोंगराच्या माथ्याला वाघदेव. मागची अर्धी बाजू खाणवाल्याने खाऊन टाकलेली. सुरुंग उडायला लागले तसा झरा बारीक झाला, पाणी दुधासारखं यायला लागलं. आता ओंडका टाकल्यापासून जरा निवळलं होतं. तिने ओंजळ धरली आणि म्हणाली, "बघ, बोटा दिसतात." मला तिची बोटं दिसत होती. एवढंच काय ते पाड्याने जिंकलेलं. डोंगर आहे तेवढा राहिला तर पाणी राहील. अर्ज खूप केलेले. साहेब लोक येऊन कोंबडी खाऊन गेले. कोंबडीच गेली फक्त.

दुपारी वाघबारशीचा खेळ. गुराखी पोरांनी माझ्या अंगाला राख फासली, हळदीचे पट्टे ओढले, मागे दोरीचं शेपूट. सगळा पाडा वाघदेवापुढे गोळा. वाघदेव म्हणजे शेंदूर लावलेली फळी, वर वाघ कोरलेला, बाजूला चंद्र-सूर्य. नवशा आजा भगत. काटकुळा म्हातारा, डोक्याला लाल टॉवेल. त्याने मला समोर उभं केलं, तांदूळ टाकले आणि विचारलं,

"आमच्या शिवारात येशील?"

लहानूने पढवलं होतं, 'नाही येणार' म्हणायचं. पण शंभर माणसं बघतायत म्हटल्यावर मी कसला गप्प बसतोय. मी म्हटलं, "येणार! आजा, तुमची ती तांबडी कोंबडी बघून ठेवलीय!"

कोणी हसलं नाही. एका बाईने पोर उचलून कडेवर घेतलं. लहानूने मागून शेपूट ओढलं. "गधड्या, इथे मस्करी नाय. वाघ बोलला ते बोलला. वाघ कधी फिरत नाय."

आजाने रागावून बघितलं पण नाही. डोळे मिटले, तांदूळ परत टाकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तीनदा विचारलं, तीनदा मी मुकाट "नाही येणार" म्हणालो. मग ढोल, आरडाओरडा, आणि फेकून मारायला काकड्या घेऊन पोरं माझ्या मागे. वाघाला शिवेबाहेर पळवायचा, अशी रीत. मी पण जीव खाऊन पळालो, माथ्यावरून पलीकडे.

पलीकडे काही नव्हतं.

लहानूने शेपूट धरलं म्हणून हा ब्लॉग वाचताय. डोंगर सुरीने केक कापावा तसा कापलेला. खाली हिरव्या पाण्याचं डबकं, क्रशर, खडीचे ढीग. माझ्या पायाखालच्या जमिनीला भेग होती, हात जाईल एवढी, आणि ती वाघदेवाच्या दिशेने गेलेली.

"आधी इथून उतार होता," लहानू म्हणाला. "वाघ उतरून पार ओहळापर्यंत जायचा. दोन वर्षं झाली, वाघ इथेच थांबतो. मग आमी त्याला परत घेऊन येतो नि जेवाला घालतो."

जेवायला पिवळ्या काकडीचा कीस आणि तांदळाचं पीठ पानात उकडलेलं, चवळी, नव्या तांदळाची भाकरी. तांबडी कोंबडी पण होती. आजाने स्वतः तंगडी माझ्या पानात टाकली. म्हणाला, "हिच्यावर डोला होता ना तुजा."

दुसरा दिवस

सकाळी ओंडक्यापाशी पांढरी सुमो येऊन थांबली. खाणवाला शेठ. आपल्याच विरारकडचा, मराठी. बाया उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता शिवीगाळ. पण तो उतरला, बूट काढून गाडीत ठेवले, हातात नारळ घेतला आणि अनवाणी ओंडक्याशी येऊन म्हणाला,

"आजा, काल वाघाला विचारलंत. आज मला विचारा."

आजा डोंगर चढायला लागला, मागून शेठ, मागून सगळा पाडा. शेठच्या पायात खडी टोचत होती, तो वाकडा वाकडा चालत होता. मला हसू येत होतं. खोटं कशाला बोलू, तेव्हा आवडला मला तो.

वाघदेवापुढे आजाने तांदूळ टाकले. "आमच्या शिवारात येशील?"

"नाही येणार."

"आमच्या शिवारात येशील?"

"नाही येणार, आजा."

तिसऱ्यांदा शेठने फळीवर हात ठेवला, शेंदूर बोटांना लागला. "नाही येणार. क्रशरवर पडलेला माल तेवढा नेतो, त्याला वाट मोकळी करा."

लहानूची आई रडायला लागली. बायांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. माणसं खाली धावली, ओंडक्याला खांदे लागले.

मी दहावी नापास, पण गॅरेजमध्ये उधारीची गिऱ्हाइकं रोज बघतो. आजाला बाजूला घेतलं. "आजा, ओंडका राहू द्या. याच्याकडून लिहून घ्या. तलाठ्यासमोर, सहीनिशी."

आजा माझ्याकडे बघून हसला. लहान पोराकडे बघतात तसा.

"पोऱ्या, वाघाकडून कोन लिहून घेतं?"

ओंडका बाजूला झाला. मी पण खांदा दिला होता. शेठने जाताना मला लिफ्ट विचारली, मी म्हटलं माझी एम-एटी आहे.

घरी

भाऊबीज झाली, मामा आपल्या घरी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने वरण वाढलं आणि मी घास हातात घेऊन वाटीकडे बघत बसलो. लाटा येत होत्या. गोल गोल, अगदी छान.

"मालगाडी," आई म्हणाली.

त्या आठवड्यात लहानू कामाला आला नाही. आला तेव्हा मनगट बांधलेलं. बाया पुन्हा ओंडका आणायला निघाल्या तर पोलिसांची गाडी आधीच उभी होती. ओंडका जेसीबीने चिरडून टाकलेला. लहानूच्या आईला दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. शेठ कुठे दिसला नाही. मी त्या दिवशी लहानूच्या चपलेला ग्रीस लावलं नाही, त्याने माझ्या चहात मीठ घातलं नाही. तेव्हापासून आम्ही नुसता चहा पितो.

यंदा वाघबारशीला मी पुन्हा गेलो. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: रस्ता आता चांगला आहे, डंपरसाठी रुंद केलाय, बाईक आरामात जाते. पाणी बरोबर न्या. झऱ्याच्या जागी ओला दगड आहे, त्याला हात लावला तर गार लागतो, बस्स. बाया हायवेपर्यंत हंडे घेऊन जातात. वाघदेवाची फळी भेगेबरोबर खाली गेली. पोरांनी दोन दिवस ढिगाऱ्यात शोधली, अर्धी सापडली, चंद्राची बाजू. ती आजाच्या घरात भिंतीला टेकवून ठेवलीय.

मी अंगाला राख फासायला शर्ट काढून बसलो. म्हटलं, यंदा मस्करी नाही करणार, शप्पथ. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

आजा ओट्यावर बसला होता. म्हणाला, "शर्ट घाल, पोऱ्या. थंडी हाय."

"आजा, वाघाला विचारायचं नाही?"

"कया इचारायचा," तो म्हणाला. "इचारला तं तो नाय म्हनतो."

जेवायला पिवळी काकडी नव्हती. वेलाला पाणी कुठलं.

आता ब्लॉग लिहायला कॅफेत बसलोय आणि लोक विचारतात तसं 'प्रवासाने काय दिलं' लिहायचं तर माझ्याकडे काही नाही. आमची बिल्डिंग त्याच डोंगराच्या खडीची असणार, बिल्डरने काय परदेशातून आणली नसेल. चार मजले आहेत. मी तिसऱ्यावर झोपतो.

गेल्या महिन्यापासून वाटी हलत नाही. त्या बाजूला फोडायला आता काही उरलं नाही, मशिनी पुढच्या डोंगराकडे गेल्या, लहानूने सांगितलं. पंखा पण स्वच्छ आहे. काल आईने वरण वाढलं, वाटीकडे बघितलं आणि म्हणाली, "सुटलो बाई. बंद झाली एकदाची ती मालगाडी."