सतीशची पुढे ढकललेली तारीख

केतकीचा फोन आला तेव्हा मी गोखिवऱ्याच्या कारखान्यात नुकताच डबा उघडला होता. "काका, बाबांचा दम कोंडला... रिक्षातच गेले," एवढंच म्हणाली. सतीश माझा मित्र, आचोळ्यात आमच्या समोरच्याच दारात राहणारा. लेकीचं लग्न सोळा दिवसांवर आलेलं आणि हा असा मध्येच उठून निघून गेला. मला दुःखाआधी राग आला, आणि तो कोणावर, हे मला नीट ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी अपघातानंतर तो बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होता. जगला, पण घशातल्या नळीने श्वासनलिकेला आतून जखम झाली, आणि ती भरताना श्वासाची वाटच अरुंद होत गेली. मुंबईच्या डॉक्टरांनी आत वाढलेला भाग लेझरने कापून वाट मोकळी केली. काही महिन्यांनी पुन्हा तेच. असं तीनदा झालं. श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली की थांबू नका, लगेच या, असं त्यांनी बजावलं होतं. जिना चढताना ती शिट्टी आमच्या घरात ऐकू यायची आणि मी म्हणायचो, "आला बघा कुकर." तोही हसायचा. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

चौथ्या लेझरची तारीख नेमकी लग्नाच्या तोंडावर आली. त्यानंतर काही दिवस बोलायचं नसतं, आणि याने तर लेकीसाठी मंगलाष्टक रचलेलं, ते स्वतःच म्हणायचा हट्ट. "लग्नानंतर... करू. तूच सांग ना... त्यांना." मी हॉस्पिटलला फोन लावून तारीख पुढे ढकलून घेतली. वहिनींना सांगितलं, डॉक्टरांनीच नवी तारीख दिलीय. फोनवर एक वाक्य सलग बोलायला त्याला दम पुरत नव्हता, म्हणून तर मी बोललो. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

लग्न आता पुढच्या महिन्यात आहे, साधेपणाने. परवा केतकीने त्याचा कागद आणून दिला. "काका, तुम्हीच म्हणा. बाबांची चाल तुम्हाला पाठ आहे." श्वास कुठे घ्यायचा तिथे त्याने पेन्सिलीने रेघा मारल्यात. पहिल्या ओळीत दोन, शेवटच्या ओळीत प्रत्येक शब्दानंतर एक. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. काका म्हणणार, असं तिला वाटलं असेल...

केतकी, ती तारीख डॉक्टरांनी नव्हती बदलली, मी बदलली होती. हे वाचून झालं की सांग, कागद माझ्याकडे ठेवू की परत आणून देऊ.